घरी दणदणीत, मंडपात मरगळलेला : गिटार अ‍ॅम्प आणि कॅबच्या ओहमचा घोळ

तक्रार दरवर्षी तीच असते आणि साधारण एकाच सुमारास येते. मे महिन्यात अ‍ॅम्प ठीक वाजत होता. पावसाळाभर कॅब, म्हणजे स्पीकरची पेटी, पडवीत पडून राहिला. गणपतीच्या आठवडाभर आधी बाहेर काढून जोडला, तर आवाज मरगळलेला, बेस गायब, नाहीतर दोन गाण्यांनंतर खरखर होऊन सगळं बंद. मग कोणीतरी ठामपणे सांगतो की इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरचा ओहममध्ये मोजलेला विरोध, मॅच होत नाही. घाईघाईत मंडपवाल्याचा एखादा स्पीकरचा डबा आणून लावला जातो, आणि आता मात्र खरोखरच मॅच होत नाही.

कॅबच्या पाठीवर छापलेला ८ किंवा १६ हा ओहमचा आकडा तो कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा असतो. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खाऱ्या, दमट हवेत तो आकडा गंज बदलतो. म्हणून छापील आकड्यावर विसंबून अ‍ॅम्पचा ओहम निवडायचा खटका फिरवू नका. आधी मल्टीमीटर लावा, मग ठरवा.

अ‍ॅम्प कुठल्या जातीचा?

हे ठरल्याशिवाय पुढचा एकही सल्ला लागू होत नाही, कारण दोन जातींचे नियम उलटे आहेत.

ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला फक्त खालची मर्यादा असते. मागे ‘कमीत कमी ४ ओहम’ असं लिहिलं असेल तर ४, ८, १६ काहीही लावा, धोका नाही. ओहम वाढले की वॅट कमी होतात, इतकंच. ४ ओहमवर १०० वॅट देणारा अ‍ॅम्प ८ ओहमवर साधारण ६० आणि १६ वर ३० वॅटच्या आसपास देतो. १०० वरून ३० वर येणं कागदावर भयंकर दिसतं, पण कानाला तो फरक पाचेक डेसिबलचा असतो. दणका कमी होईल, अ‍ॅम्प मुका होणार नाही. तेव्हा आवाज निम्म्याहून खाली गेल्यासारखा वाटत असेल तर ओहमला दोष देऊ नका, बिघाड दुसरीकडे आहे. उलट ४ ओहमच्या अ‍ॅम्पला २ ओहमचा लोड (म्हणजे जोडलेले स्पीकर) दिलात तर करंट वाढतो, हीटसिंक तापतो, आणि नशीब असेल तर प्रोटेक्शन रिले पडतो. नसेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो. स्पीकरचे ओहम तो वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढवून व्हॉल्व्हना दाखवतो. ईएल ८४ जातीच्या दोन पॉवर व्हॉल्व्हना प्लेटपासून प्लेटपर्यंत साधारण ८००० ओहम हवे असतात. ट्रान्सफॉर्मरच्या ८ ओहमच्या टोकाला ८ ओहमचाच स्पीकर असेल तर ते मिळतात. तिथे १६ ओहमचा लावलात तर व्हॉल्व्हना १६,००० दिसतात, ४ चा लावलात तर ४०००. लोड खाली गेला की व्हॉल्व्हमधून जास्त करंट वाहतो आणि ते लवकर झिजतात. लोड वर गेला की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांवर, व्होल्टेजचे फटके उंच बसतात. आणि लोडच नसेल तर त्या फटक्यांना वाट राहत नाही : व्हॉल्व्हच्या सॉकेटवर ठिणगी उडते, पिनांमध्ये काळा कोळशाचा रस्ता तयार होतो, किंवा ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन फुटतं. स्पीकरशिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प वाजवू नका हे सगळ्यांना पाठ असतं. पण कॅब जोडलेला आहे आणि आत तारेच्या टोकाचा एक लग गंजून सुटलाय, हीसुद्धा स्पीकर नसल्याचीच अवस्था आहे, ते मात्र लक्षात राहत नाही.

पुढच्या बाजूला एकच छोटा १२एएक्स७ व्हॉल्व्ह चमकतोय म्हणून फसू नका. नुसत्या प्रीअ‍ॅम्पला व्हॉल्व्ह आणि पॉवरला ट्रान्झिस्टर असे अ‍ॅम्प भरपूर आहेत. त्यांना ट्रान्झिस्टरचा नियम. मागे आउटपुट ट्रान्सफॉर्मर दिसतोय का, एवढं बघा.

मीटर लावायची रीत

अ‍ॅम्प बंद. स्पीकर केबलची अ‍ॅम्पकडची पिन काढा, कॅबकडची तशीच राहू द्या. कॅबच्या आतून नाही, या सुट्या पिनेवरूनच मोजायचं, म्हणजे केबल, जॅक, आतली तार आणि स्पीकर सगळं एकदम तपासलं जातं. मीटर २०० ओहमच्या रेंजला ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवा. ०.३, ०.४ असं काहीतरी दिसेल. तो आकडा नंतर वजा करायचा. आता एक तार पिनेच्या टोकाला, दुसरी तिच्या अंगाला.

मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, इम्पीडन्स नाही. त्यामुळे आकडा छापील ओहमपेक्षा नेहमी कमी येतो, आणि तसाच यायला हवा. ४ ओहमचा कॅब ३ ते ३.५ दाखवेल, ८ चा ५.५ ते ७, १६ चा ११ ते १३. ८ ओहमच्या कॅबवर ६.४ आले म्हणजे तो निरोगी आहे. बरोबर ८.० आले तरच भुवया उंचवायच्या : बहुतेक वेळा वरचा दीड ओहम गंजलेल्या जॅकचा असतो.

दोन सूचना. कार्यक्रम संपल्या संपल्या मोजू नका. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो आणि तासभर जोरात वाजलेली व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी, चांगलीच तापलेली असते, त्यामुळे ६.५ च्या जागी ८ च्या पुढचा आकडा सहज दिसतो. कॅब निवला की मोजा. दुसरं, उघड्या मंडपात खाडीवरचं वारं सुटलेलं असेल तर मीटरचा आकडा ठरत नाही, ६.१, ६.९, ५.८ असा नाचतो. बिघाड नसतो तो. वाऱ्याने स्पीकरचा कागदी कोन हलतो, कोन हलला की कॉइलमध्ये व्होल्टेज निर्माण होतं आणि मीटर गोंधळतो. कॅब आडोशाला वळवा, नाहीतर पुढच्या जाळीवर चादर टाका. आकडा स्थिर होतो. मग केबल आणि जॅक हळूच हलवा. आता आकडा उडाला तर मात्र दोष सापडला.

आकडा काय सांगतो

एकच स्पीकर असेल तर फार डोकं लागत नाही : नीट, तुटलेला किंवा शॉर्ट. गंमत दोन आणि चार स्पीकरच्या कॅबमध्ये आहे. तिथे कॅब अर्धा मेलेला असूनही वाजत राहतो.

८ ओहमचे दोन स्पीकर पॅरललमध्ये, म्हणजे ४ ओहमचा कॅब. मीटरवर सव्वातीनच्या आसपास यायला हवं. एक स्पीकर सुटला की साडेसहा येतात, आणि तो हुबेहूब निरोगी ८ ओहमच्या कॅबचा आकडा आहे. नेमके इथेच लोक फसतात. ‘अरे, हा तर ८ चा निघाला’ म्हणून अ‍ॅम्पचा खटका ८ वर जातो, गाडी चालू राहते, आणि उरलेला एकटा स्पीकर दोघांचे वॅट खातो. सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक हा स्पीकर २५ वॅटचा असतो. दोन ग्रीनबॅकच्या कॅबला ५० वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प लावणं आधीच काठावरचं, त्यात एकटाच उरलेला ग्रीनबॅक एका रात्रीत जळू शकतो. म्हणून मीटरचा आकडा घेतल्यावर जाळीला कान लावून प्रत्येक स्पीकर बोलतोय ना, हेही बघायचं.

आता तेच ८ ओहमचे दोन सिरीजमध्ये, म्हणजे १६ ओहम. मीटरवर १३ च्या जवळ. एक सुटला की सगळी माळ तुटते, दिवाळीच्या जुन्या तोरणासारखी. मीटरवर काहीच येत नाही आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प त्या क्षणी लोडशिवाय चालू असतो. किनाऱ्यावर व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पसाठी दोन स्पीकरचा कॅब बांधायचा असेल तर आमचं मत स्पष्ट आहे : १६ ओहमचे दोन घेऊन पॅरलल करा, एकूण ८. ८ ओहमचे दोन घेऊन सिरीज करू नका. एक गेला तरी अ‍ॅम्पसमोर १६ ओहम शिल्लक राहतात. आवाज अर्धा होतो, पण ट्रान्सफॉर्मर वाचतो.

चार स्पीकरचा कॅब बहुधा १६ ओहमच्या चार स्पीकरचा असतो आणि एकूणही १६ च येतात. जोडणीच्या दोन पद्धती आहेत. दोन-दोनच्या सिरीज जोड्या एकमेकींना पॅरलल, किंवा दोन-दोनच्या पॅरलल जोड्या एकमेकींना सिरीज. निरोगी असताना दोन्हींत मीटर साडेबारा दाखवतो, पण आजार वेगळे दिसतात. पहिल्या पद्धतीत एक स्पीकर सुटला की त्याचा जोडीदारही मुका होतो आणि मीटर २५ वर जातो. दुसऱ्या पद्धतीत एक सुटला तर आकडा पावणेएकोणीसच्या जवळ जातो, तीन स्पीकर वाजत राहतात, आणि सुटलेल्याचा जोडीदार एकटाच एकूण पॉवरचा दोन तृतीयांश वाटा उचलतो. कॉइल जळून आतल्या आत शॉर्ट झाली असेल तर आकडा उलट खाली येतो : पहिल्या पद्धतीत ८.३, दुसऱ्यात सव्वासहा. हे चार आकडे कॅबच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलेत तर पुढच्या वेळी स्क्रू काढायच्या आधीच कळेल काय बघायचंय.

चार स्पीकरच्या कॅबच्या पाठीवर मोनो-स्टिरिओचा खटका असतो, तोही पुष्कळ घोळ घालतो. उदाहरणार्थ मार्शलच्या १९६० मालिकेच्या कॅबवर मोनोला १६ किंवा ४ आणि स्टिरिओला प्रत्येक बाजूला ८ ओहम अशी सोय आहे. खटका स्टिरिओवर राहिला आणि एकाच जॅकला पिन लावली तर दोनच स्पीकर वाजतात. वाहतुकीत टेम्पोतल्या दोऱ्या घासून हा खटका सरकतो. फार वेळा.

बेस गायब, ओहम मात्र बरोबर

मीटर अगदी नीट आकडा देतोय, दोन्ही स्पीकर बोलतायत, तरी आवाज पत्र्यासारखा पातळ. कॅबमध्ये नुकताच एक स्पीकर बदललाय का? मग नव्वद टक्के वेळा त्याच्या तारा उलट्या लागल्या आहेत. एक कोन पुढे जातो तेव्हा दुसरा मागे, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. रेझिस्टन्सला दिशा नसते, म्हणून मीटरला हे दिसत नाही.

घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा सेल घ्या. केबलच्या सुट्या पिनेच्या टोकाला धन, अंगाला ऋण, अगदी क्षणभर टेकवा. सगळे कोन एकाच दिशेने, पुढे यायला हवेत. एखादा आत गेला तर त्याच्या दोन तारांची अदलाबदल करा. जुन्या जेबीएल स्पीकरमध्ये लाल टोकाला धन दिल्यावर कोन आत जायचा. त्यामुळे मिश्र कॅबमध्ये लाल-काळ्या खुणेवर विश्वास न ठेवता डोळ्यांनीच बघा. ९ व्होल्टचा सेलही चालतो, पण कोनाला उगाच धक्का बसतो.

मंडपातला डबा

स्वतःचा कॅब रुसला की समोर जे असेल त्याला पिन लावायचा मोह होतो. त्यातले तीन डबे ओळखून ठेवा.

पहिला, ज्याला विजेची वायर आहे. तो अ‍ॅक्टिव्ह स्पीकर. त्याच्या आत स्वतःचा अ‍ॅम्प असतो आणि इनपुटला हजारो ओहम. तुमच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा स्पीकर आउटपुट त्यात घातलात तर एकाच पिनेत दोन अपराध होतात : तुमच्या अ‍ॅम्पला लोड नाही आणि त्याच्या इनपुटला झेपणार नाही इतकं व्होल्टेज. त्याला जोडायचंच असेल तर लाइन आउट या कमी व्होल्टेजच्या जॅकमधून, आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला त्या वेळीही आपला कॅब लागलेलाच हवा.

दुसरा, शंभर व्होल्टच्या लाइनचा कॉलम किंवा भोंगा. देवळांत, शाळांत, ग्रामपंचायतीच्या सभागृहात हेच असतात. मंडपवाल्यांच्या पीए अ‍ॅम्पच्या मागे ४, ८, १६ ओहमच्या शेजारी ७० आणि १०० व्होल्टची टोकं दिसतात ती यांच्यासाठी. अशा कॉलमच्या आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. २० वॅटला लावलेला कॉलम १०० व्होल्टच्या लाइनला ५०० ओहमसारखा दिसतो : १०० चा वर्ग भागिले २०. मीटर लावलात तर ट्रान्सफॉर्मरच्या तारेचाच रेझिस्टन्स येतो, तो बराच कमी, आणि माणूस फसतो. गिटार अ‍ॅम्पसाठी हा डबा म्हणजे लोड नसल्यासारखाच.

तिसरा, साधा पीए बॉक्स, वूफर आणि वर हॉर्न. बेंजो पार्टीच्या टेम्पोवर असतात ते. ओहम जुळत असतील तर विजेच्या दृष्टीने चालेल, पण डिस्टॉर्शन लावलं की गांधीलमाशा सुटल्यासारखा आवाज येतो. गिटारचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वर आपणच उतरतो आणि डिस्टॉर्शनची किरकिर तिथे गाळली जाते. हॉर्न ती सगळी जशीच्या तशी पुढे फेकतो. शक्य असेल तर हॉर्नची तार काढून ठेवा.

दोन कॅब एका अ‍ॅम्पला

अ‍ॅम्पच्या मागचे दोन जॅक जवळजवळ नेहमी पॅरलल असतात. सारखे दोन कॅब लावले तर ओहम निम्मे. वेगळे असतील तर गुणाकार भागिले बेरीज : ८ आणि १६ म्हणजे १२८ भागिले २४, सव्वापाचपेक्षा थोडं जास्त. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा खटका ४ वर ठेवा. आठाच्या कॅबला दोन तृतीयांश पॉवर जाईल, सोळाच्याला एक तृतीयांश, हे लक्षात घेऊन कमी वॅटचा कॅब आठाच्या जागी नको. ४ आणि ८ एकत्र केलेत तर २.६७ येतात. ते टाळा.

फेंडरच्या जुन्या धाटणीच्या अ‍ॅम्पमध्ये एक चांगली सोय आहे आणि तिच्यात एक खोच. मुख्य जॅकमधली पिन काढली की जॅक आउटपुटला आपणच शॉर्ट करतो, म्हणजे लोडशिवाय अ‍ॅम्प राहत नाही. खोच अशी की मुख्य जॅक रिकामा ठेवून फक्त बाजूच्या एक्स्टर्नल जॅकमध्ये कॅब लावला तर आउटपुट शॉर्टच राहतं आणि कॅब गप्प. पहिली पिन नेहमी मुख्य जॅकमध्ये. आणि केबल अ‍ॅम्पला लागलेली, दुसरं टोक जमिनीवर लोळतंय, अशा वेळी हे संरक्षण उपयोगी पडत नाही, कारण जॅकच्या दृष्टीने पिन आत आहे.

जुळणारा कॅब मिळालाच नाही आणि कार्यक्रम तासाभरावर आला, तर? व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला एक पायरी इकडे-तिकडे, म्हणजे ८ च्या टोकाला ४ किंवा १६, एका संध्याकाळपुरतं आणि आवाज आवरून. यातली कुठली बाजू बरी यावर कारागिरांत आणि कंपन्यांत एकमत नाही. तुमच्या अ‍ॅम्पचं पुस्तक जे सांगतं ते पाळा. दोन पायऱ्या, म्हणजे ४ च्या टोकाला १६, कोणी काहीही सांगो, नको.

केबल

गिटारची केबल आणि स्पीकरची केबल, दोन्हींची पिन सारखी, ६.३५ मिलिमीटरची, आणि रात्रीच्या आवराआवरीत त्या एकाच पिशवीत जातात. पिनेची टोपी फिरवून उघडा. आत सारख्या जाडीच्या दोन तारा असतील तर स्पीकरची. मध्ये एक बारीक तार आणि भोवती जाळी असेल तर गिटारची, ती स्पीकरला लावायची नाही. तिची मधली तार इतकी बारीक असते की सहा मीटरच्या केबलमध्ये ती एकटी अर्धा ओहम खाऊ शकते, आणि जोरात वाजवताना आतलं इन्सुलेशन गरम होऊन शॉर्ट होण्याची भीती वेगळी. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची दोन कोअरची लवचिक वायर तीन मीटर घ्या, दोन चांगल्या धातूच्या पिना सोल्डर करा. जाऊन-येऊन सहा मीटर तारेचा रेझिस्टन्स ०.०७ ओहम, म्हणजे नसल्यातच जमा.

गंज कुठे बसतो

पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसाच हा प्रकार. जॅकची वाकवलेली पट्टी जिथे पिनेच्या टोकाला चिकटते तिथे मोहरीएवढा काळपट-हिरवा ठिपका धरतो. दिसायला क्षुल्लक, पण सगळा करंट त्याच ठिपक्यातून जायचा असतो. पिन दहा वेळा आत-बाहेर केली की आवाज परत येतो आणि लोक समाधान मानतात. तो पुन्हा जातो, आणि बरोब्बर आरतीनंतरच्या पहिल्या गाण्याला जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाच्या पट्टीवर घेऊन पट्टीची ती जागा घासा, पट्टी किंचित आत वाकवा म्हणजे पकड घट्ट बसेल. पॉलिश पेपरने खरवडू नका, वरचा मुलामा गेला की पुढचा गंज दुप्पट वेगाने येतो. शिलाई मशीनचं तेलही नको.

स्पीकरच्या टोकांवर दाबून बसवलेले लग ही दुसरी जागा. लगच्या आत तार दाबलेली असते आणि तिथे खारी हवा शिरते. तार ओढून बघा, सैल असेल तर लग काढून तार थेट सोल्डर करा, शक्यतो कल्हई केलेली तार वापरून. सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, कोनाकडे जाणाऱ्या जाळीदार तारेचा जोड त्याच टोकावर असतो.

तिसरी जागा व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा ४-८-१६ चा फिरता खटका, आणि हीच सगळ्यात घातक. वर्षभर एकाच जागी असलेला खटका आतून ऑक्साइड धरतो. संपर्क तुटला म्हणजे लोड तुटला. अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून, थोडा क्लीनर मारून खटका दहा-पंधरा वेळा पूर्ण फिरवा. अ‍ॅम्प चालू असताना तो फिरवायचा नाही, स्टँडबायवरही नाही.

आणि स्पीकर स्वतः. कागदाचा कोन ओलावा धरतो, चुंबकाच्या फटीत गंजाचा पापुद्रा सुटतो आणि कॉइल त्याला घासते. मीटर अगदी योग्य आकडा देईल, पण स्वच्छ आवाजावर मागून बारीक फर्र येत राहील. दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून सारख्या दाबाने तो दोन-तीन मिलिमीटर आत ढकला. खरखर जाणवली तर तो स्पीकर रिकोनिंगचा (नवा कोन बसवायचा) आहे, त्याला घरगुती औषध नाही.

पावसाळ्यात कॅब चिऱ्याच्या भिंतीला टेकवून आणि खाली जमिनीवर ठेवू नका. भिंत घाम सोडते. दोन पाट किंवा फळ्या खाली द्या, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, वर सुती चादर किंवा जुनी गोधडी घाला. प्लॅस्टिक गुंडाळलंत तर आतला ओलावा आतच कोंडतो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं वाजवणं हे ओलावा शोषणाऱ्या सगळ्या पुड्यांपेक्षा बरं.

फ्यूज आणि लाल प्लेट

जोरात वाजवलं की एचटी फ्यूज (व्हॉल्व्हच्या उच्च व्होल्टेजचा) जातो आणि हळू वाजवताना जात नाही, तर लोड खाली गेलाय किंवा केबल शॉर्ट होतेय, वरचं मोजमाप करा. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालू नका, पुढचा फ्यूज मग ट्रान्सफॉर्मर होतो. पण व्हॉल्व्हची प्लेट गिटार न वाजवताच लाल होत असेल तर कॅबच्या मागे लागू नका. सिग्नल नसताना कॅबच्या ओहमचा तिथे काही संबंध नसतो. बायस (व्हॉल्व्हचा स्थिर करंट ठरवणारी जुळणी) किंवा गळका कपॅसिटर बघायला अ‍ॅम्प कारागिराकडे द्या. आत ४०० ते ५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकतात.

कारागिरासाठी एक ओळ : ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून आणला असेल तर टोकांवरच्या चिठ्ठ्यांवर विश्वास नको. व्हॉल्व्ह काढून, कपॅसिटर रिकामे करून, सगळ्या तारा सोडवून प्रायमरीच्या दोन टोकांवर १२ व्होल्ट एसी द्या आणि सेकंडरी मोजा. दोन ईएल ३४ चा ३४०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर ४ च्या टोकाला ०.४१, ८ ला ०.५८ आणि १६ ला ०.८२ व्होल्ट देईल. चुकूनही उलट, सेकंडरीला १२ व्होल्ट देऊ नका : प्रायमरीवर १७० च्या पुढे व्होल्ट येतात.

टोनचं काय?

मुद्दाम चुकीचे ओहम लावून आवाज ‘उबदार’ करण्याच्या कल्पना फिरत असतात. चुकीच्या लोडवर पॉवर दोन्ही बाजूंना कमीच होते, अ‍ॅम्प थोडा लवकर फाटका आवाज देतो, आणि तो फरक आवडला तर तो व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांनी बिनधोक मिळतो. ८ आणि १६ ओहमच्या त्याच स्पीकरमधला फरक इतका बारीक आहे की त्यासाठी पैसे घालवू नयेत. कानाला खरोखर कळणारी गोष्ट निराळी : ८ ओहमचा स्पीकर सगळीकडे ८ ओहमचा नसतो. गिटारच्या स्पीकरच्या रेझोनन्सला, ७५ हर्ट्झच्या आसपास, त्याचे ओहम कित्येक पटींनी वाढतात, आणि वरच्या सुरांकडे पुन्हा चढत जातात. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प त्या चढउतारांप्रमाणे झुकतो, म्हणून त्याचा खालचा सूर फुगीर आणि वरचा टोकदार लागतो. बहुतेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प झुकत नाहीत. तोच कॅब दोन अ‍ॅम्पवर वेगळा वाजतो याचं कारण हे, मॅचिंग चुकलंय म्हणून नव्हे.

स्पीकर मिसळताना मात्र ओहमइतकीच संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॅटला किती मोठा आवाज, ही बघा. ग्रीनबॅक ९८ डेसिबलचा, सेलेस्टियनचाच व्हिंटेज ३० शंभरचा. दोघे एका कॅबमध्ये चांगले जमतात, पण व्हिंटेज ३० दोन डेसिबलने पुढे राहतो. वेगळ्या ओहमचे दोन एका कॅबमध्ये नकोच.

सगळं जुळलं की कॅब गार असताना घेतलेला आकडा आणि महिना कॅबच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहा : ‘६.४, मे’. गणपतीआधी पुन्हा मोजा, मग नाताळाला, मग शिमग्याला. अर्ध्या ओहमपेक्षा जास्त सरकला तर पिन, जॅक, लग, खटका, याच क्रमाने बघत जा.